तीन डोळ्यांचा फोन आणि जिजी

नवीन फोन हातात दिला की जिजी आधी तो पदराला पुसायच्या. मग तळहातावर ठेवून हात वरखाली करायच्या, बाजारात वांग्यांचा अंदाज घेतात तसा. चालू करायच्या नाहीत. बंद पडद्यात स्वतःचा चेहरा बघून कपाळावरची टिकली सरळ करायच्या आणि मग फोनच्या मालकाला विचारायच्या, "खरं दखाडस का हाऊ?" हा खरं दाखवतो का, एवढाच प्रश्न. नव्या फोनचे पेढे घेऊन आलेला माणूस बॅटरी सांगायला लागायचा, मेमरी सांगायला लागायचा. जिजी सगळं ऐकून घ्यायच्या आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायच्या.

त्यांचं नाव मी सांगणार नाही. खरं म्हणजे पहिली काही वर्षं मलाही ते ठाऊक नव्हतं. दारावरच्या पाटीवर काकांचं नाव होतं आणि काकांसकट सगळी सोसायटी त्यांना जिजीच म्हणायची. काका पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमधून निवृत्त झालेले, दिवसभर टीव्हीसमोर. जिजी घरी साडीवर स्टोन चिकटवायचं काम करायच्या. सुरतेत उधना-बमरोलीकडे दुपारी ज्या घरात बायका नुसत्या बसलेल्या दिसतील, तिथे तुम्ही चुकीच्या घरात शिरला आहात असं खुशाल समजावं. आमच्या मजल्यावर तर गमाचा वास इतका मुरलेला होता की पाहुणे यायचे तेव्हाच आम्हाला तो आठवायचा.

मी सांगलीकडची. लग्न होऊन इथे आले आणि एका विमा कार्यालयात चिकटले. जिजी पक्क्या खानदेशी. घरात अहिराणी, दुकानात गुजराती, माझ्याशी मात्र मराठी बोलायचा निश्चय करून सुरुवात करायच्या. दुसऱ्या वाक्याला निश्चय सुटायचा.

स्टोन हा त्यांचा हातांचा धंदा. तोंडाचा धंदा वेगळा, लग्नं जमवण्याचा. धंदा म्हणते, पण मिळकत शून्य आणि उठबस मात्र मोठ्या शेटला लाजवील अशी. इथल्या कामगारांच्या पोरी, तिकडे नंदुरबार, शिरपूर, शहाद्याकडची पोरं, किंवा याच्या उलट. मधे भुसावळची गाडी आणि जिजी. तिकडून मुलगी बघायला माणसं यायची म्हणजे शेतातला नाहीतर कामावरचा दिवस बुडवून, गाडीत उभ्याने यायची. येऊन नकार द्यायचा तर दोन्ही घरांची शोभा. म्हणून यायचं की नाही हे जिजींच्या शब्दावर ठरायचं. जिजी म्हणाल्या पोर उंच आहे, तर पोर उंच. जिजी म्हणाल्या मुलगा अधूनमधून घेतो, तर तिकडून बाटल्या मोजायचीसुद्धा गरज नसायची. एवढी पत त्यांनी बोलून कमावली होती आणि तिला त्या फार जपायच्या. चौकशीत एखादी खोड लपवली असं कुणी म्हणेल की काय, ही एकच भीती त्यांना होती. बाकी पाली, भुतं, मुनसिपाल्टीवाले, कुणालाही त्या घाबरायच्या नाहीत.

या कामाला फोन लागायचा. त्यांचा जुना फोन पडून पडून काचेवर आडवी भेग गेलेला. त्यात कुठलीही मुलगी बघितली तरी तिच्या कपाळावर वार झालेला दिसायचा. कुणाला फोटो दाखवताना जिजी आधी खुलासा करायच्या, "ती रेघ फोननी शे, पोरनी नही." मग एक दिवस त्या फोनची बॅटरी फुगली, मागचं झाकण उघडलं आणि काकांनी तो चिमट्याने उचलून गॅलरीत नेऊन ठेवला.

नवा फोन घ्यायचा ठरल्यावर जिजी माझ्याकडे आल्या. त्यालाही कारण होतं. मी साधी मिक्सरची भांडी घ्यायची झाली तरी तीन आठवडे रिव्ह्यू वाचते, आणि हे सगळ्यांना माहीत आहे, कारण ते तीन आठवडे मी सगळ्यांना वाचून दाखवते. मधल्या किमतीच्या फोनांचं तर मी जवळजवळ पारायण केलं. फार स्वस्त नको, फार भारी नको. एका फोनवर सगळे परीक्षक एकमुखाने खूश होते. डिझाइन देखणं, परफॉर्मन्स गुळगुळीत, कॅमेऱ्यात माणसं ‘आहेत त्याहून उजळ’. हे शेवटचं त्यांनी कौतुक म्हणून लिहिलं होतं आणि मीही ते कौतुक म्हणूनच वाचलं.

उधना मेन रोडच्या दुकानात आम्ही गेलो. दुकानदार पन्नाशीचा, गळ्यात चष्मा अडकवलेला. त्याने तोच फोन काढून ठेवला. "मासी, आ जुओ. नवो छे. पचास मेगापिक्सल."

जिजींनी पुसला, तोलला, बंद पडद्यात बघितलं. मग उलटा केला. मागची पाठ आरशासारखी चकचकीत होती. "ही तर पिठाच्या हातांनी धरली की गेली," त्या म्हणाल्या. मग कमरेला खोचून दुकानात चार पावलं चालून आल्या. दोनदा वाकल्या. फोन पडला नाही. डिझाइन पास. पाठीचा चकचकीतपणा त्यांनी माफ केला, कारण त्यावर कव्हर बसणार होतं आणि कव्हर त्या दुकानदाराकडून फुकट घेणार होत्या.

पाठीवर तीन गोल भिंगं होती. जिजींनी त्यांवर एकेक बोट ठेवलं. "भाई, आ त्रणमांथी काम कोण करे?"

दुकानदार प्रामाणिक निघाला. "काम तो एक ज करे, मासी. बीजा बे शोभाना."

"म्हणजे आमच्या जेठांचं घर," जिजी मला म्हणाल्या. "तीन भाऊ, कमावणारा एक."

परफॉर्मन्सची त्यांची चाचणी मी कुठल्याच रिव्ह्यूत वाचलेली नव्हती. त्यांनी दुकानदाराला फोनमध्ये आपलं कार्ड घालायला लावलं आणि नंदुरबारच्या बहिणीला व्हिडिओ कॉल केला. तिच्याशी बोलता बोलता फोन गालाला लावून तापतो का ते बघितलं, त्यामुळे बहिणीला बराच वेळ जिजींचा कान दिसत होता. मग फोन घेऊन बाहेर निघाल्या. दुकानाशेजारच्या गाळ्यात एम्ब्रॉयडरीची मशिनं धडधडत होती. मी दुकानातून फोन लावायचा आणि जिजींनी त्या मशिनांपाशी उभं राहून घंटी ऐकायची, कारण आमच्या इमारतीखालीही तसाच गाळा होता. ऐकू आली. पास.

आता कॅमेरा. इथे जिजी गंभीर झाल्या. पिशवीतून त्यांनी साडीचा पदर काढला. मोरपंखी रंग, त्यावर आदल्या दिवशी लावलेले स्टोन, त्यातला एक मुद्दाम तिरका लावलेला. दुकानाच्या पायरीवर उजेडात पदर पसरला आणि फोटो काढला. मोठा करून बघितला. मोरपंखी तो मोरपंखीच. तिरका स्टोन तिरकाच. गमाचा एक थेंब बाहेर आलेला, तोही दिसला. "खरं दखाडस," जिजी म्हणाल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी त्यांनी जमवलेली दोन लग्नं एकाच मांडवात लागली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

तुम्ही सुरतेत राहिला असाल तर तुम्हाला यात काही चुकल्यासारखं वाटणार नाही. इथे नजर पारखायची ती कापडावर. रंग ओळखू आला, टाका ओळखू आला, म्हणजे नजर चांगली. दुकानदारालाही ते पटलं, मलाही पटलं. त्या फोनने कापडाशी एक वागायचं आणि माणसाशी दुसरं हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात येणार?

पहिलं मोठं काम आलं ते बमरोलीच्या एका मुलीचं. वडील लूमवर. मुलगी बी.कॉम. होऊन कपडा मार्केटमधल्या एका पेढीवर हिशेबाला जायची. हुशार, बोलकी, हसरी, आणि डाव्या गालावर बोराएवढा तपकिरी डाग, जन्मापासूनचा. त्या डागापायी तिची जमत आलेली स्थळं मोडली होती. बघायला यायचे, पोहे खायचे, ‘कळवतो’ म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. तिची आई दर वेळी तिला उजव्या बाजूला उजेड येईल असं बसवायची. जिजींनी तो प्रकार बंद करून टाकला.

"डाग आधी दाखव," त्या तिला म्हणाल्या. "ज्याले चालेल तोच गाडीत बसेल."

मुलगी जिजींच्या गॅलरीत बसली, डावा गाल पुढे करून. मी शेजारी उभी होते. जिजींनी चेहऱ्याच्या फोटोचं बटण दाबलं, फोन पुढे-मागे केला आणि टिपला. आम्ही तिघींनी तो फोटो बघितला. छान आला होता. डोळे छान, वेणी छान, गाल पुढे. जिजींनी तो लगेच शिरपूरच्या एका घरी पाठवला आणि खाली काही लिहिलं नाही, कारण जे सांगायचं ते फोटोतच होतं, अशी त्यांची समजूत. शिरपूरहून दोन दिवसांत निरोप आला, पोर पसंत आहे, येतो. जिजींनी त्या दिवशी स्टोनचं काम बाजूला ठेवून सगळ्या मजल्याला शिरा वाटला. डाग बघूनही लोक येतायत, म्हणजे जग सुधारतंय, असं त्यांचं आणि शिरा खाता खाता माझंही मत झालं.

पाहुणे आले ते मुलगा, त्याची आई आणि मामा. मुलीच्या घरी, बमरोलीच्या दोन खोल्यांत, जिजींच्या आग्रहाने मीही गेले होते. मुलगी चहा घेऊन आली. मुलाच्या आईने कप घेतला, मुलीकडे बघितलं, कप खाली ठेवला, पिशवीतून फोन काढला, फोनकडे बघितलं, पुन्हा मुलीकडे.

"जिजी," ती बाई हळू म्हणाली, "फोटूमा ते हाई नव्हतं."

जिजी हसल्या. "कसं नव्हतं? मी तोच गाल पुढे करी काढा."

बाईने फोन पुढे केला. जिजींनी चष्मा लावला. दोन बोटांनी गाल मोठा केला. मीही वाकून बघितलं. डाग होता म्हटलं तर होता. ज्याला ठाऊक आहे त्याला सावलीसारखं काही दिसलं असतं. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी तो गाल साफ होता, दुधाच्या सायीसारखा. फोनने आपल्या बुद्धीने तिचा चेहरा नीटनेटका करून ठेवला होता. आणि आम्ही तिघी तो चेहरा इतका ओळखत होतो की गॅलरीत फोटो बघताना डाग आम्ही आमच्या पदरचा घातला होता.

मी घाईघाईने सांगायला लागले की यात ब्युटी मोड म्हणून एक असतं, ते आपोआप चालू असतं, कंपनीच तसं देते. मामांनी समजूतदारपणे मान हलवली. "आमनामा बी शे. आते समदास्ना फोटू असाच येतस." मुलगा खाली बघत होता. त्याचाही फोटो मी पाहिला होता आणि त्यात त्याचं कपाळ बरंच अरुंद होतं.

पण जिजींनी यातलं काही ऐकलं नाही. त्या उठून उभ्या राहिल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. "मी पाठवलेलं खोटं निघालं," त्या म्हणाल्या. "फोननी नही, मनी चूक शे. मी तपासी पाठवाले पाहिजे व्हतं. तुमले नकार देना असी ते देज्यात. पण गावमा जाईसन जिजीनी फसाडं अस सांगज्यात. पोर नापसंत पडनी अस नका सांगज्यात." त्या मुलीसाठी दोष स्वतःवर घेऊन त्यांनी कमावलेली सगळी पत त्या खोलीत ठेवून दिली. मी चहाचे कप गोळा करायला लागले.

पाहुणे ‘कळवतो’ म्हणून गेले. गावात त्यांनी दोन्ही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जिजी फोन घेऊन माझ्याकडे आल्या. "ते काय शे ते बंद कर." मी सेटिंगमध्ये जाऊन ते शोधून काढलं आणि बंद केलं. मला वाटलं, झालं. जिजींना तसं वाटलं नाही. त्या फोनने काढलेले बाकीचे फोटोही लोकांकडे गेलेले होते. त्यांनी एकेका घरी फोन लावायला घेतला. समोर साडी पसरलेली, एका हाताने स्टोन लावणं चालू, फोन स्पीकरवर ठेवलेला.

ते बोलणं मी ऐकलं आहे. पोरीच्या पुढच्या दोन दातांत फट आहे, फोटोत नाही. मुलगा फोटोत दिसतो त्याहून दोन शेड सावळा, पण रंग एकसारखा. हिच्या डोळ्यांखाली काळं आहे, कारण ती आईच्या दुखण्यात रात्री जागली आहे. याच्या हनुवटीवर टाक्याची खूण आहे, लहानपणी पतंगाच्या नादात गच्चीवरून पडला. ज्यांचे फोटो फोनने पुसून घासून एकसारखे केले होते, ते सगळे जिजींच्या तोंडून पुन्हा वेगवेगळे व्हायला लागले. बमरोलीच्या मुलीसाठी नंदुरबारच्या कुणाला तरी त्या सांगत होत्या, "डावा गालवर डाग शे. ती हसनी की तो बी हसस."

तुम्हाला वाटेल, लोकांनी या सचोटीचं कौतुक केलं असेल. पलीकडचे लोक म्हणायचे, "जिजी, आता सगळेच असं पाठवतात. कशाला सांगता?" आणि अलीकडचे, म्हणजे ज्यांच्या पोरापोरींचं वर्णन चाललं होतं ते, चिडून दारात यायचे. "आमच्या पोरीचे दात कुणी विचारले होते का?" खोटा फोटो गेला म्हणून जिजींवर फार थोडे रागावले. खरं सांगितलं म्हणून मात्र बरेच. बमरोलीच्या मुलीच्या आईने तर बोलणंच टाकलं. मग समाजाचा ग्रुप निघाला. लोक तिथे आपले फोटो आपणच टाकायला लागले, एकाहून एक गोरेपान. जिजींचा फोन मशिनांच्या आवाजातही ऐकू यायचा तो येईनासा झाला, कारण वाजतच नव्हता. त्या कधी तरी उचलून बघायच्या, रेंज आहे का ते. रेंज भरपूर असायची.

आता जिजी इथे नाहीत. काकांना घेऊन त्या शहाद्याजवळच्या गावी राहायला गेल्या आणि त्यांच्या खोल्यांत एक जोडपं भाड्याने राहतं. सोसायटीत कुणी फोन घेतला की पेढे येतात, फोन कुणी दाखवायला आणत नाही.

त्या जाण्याच्या थोडं आधीची एक संध्याकाळ आहे. मी जिजींकडे बसले होते आणि ती बमरोलीची मुलगी आली. कामावरून सरळ आली होती, खांद्यावर डब्याची पिशवी. पाणी प्यायली, इकडचं तिकडचं बोलली, आणि मग म्हणाली, "जिजी, तो फोटो आहे का हो अजून?"

"कोणता?"

"तोच. शिरपूरला पाठवलेला."

"तो कधीच काढी टाका मी," जिजी म्हणाल्या.

मुलीने मान हलवली. पिशवीच्या बंदाकडे बघत म्हणाली, "मला त्या दिवशीच दिसलं होतं. इथे गॅलरीत. डाग नव्हता त्यात. तुम्ही दोघी छान छान म्हणत होतात. मला वाटलं, राहू दे. कुणाला फसवायचं नव्हतं. मला नुसतं बघायचं होतं."

मी जिजींकडे बघितलं. या मुलीच्या एका गप्प बसण्याने त्यांचं आयुष्यभराचं नाव गेलं होतं. आता त्या काय बोलतील ते मला ठाऊक होतं, किंवा ठाऊक आहे असं वाटत होतं.

जिजींनी बोटांवरचा गम लुगड्याच्या टोकाला पुसला. फोन उचलून माझ्या हातात दिला. "ताई, ते बंद करेल शे ना, ते चालू करी दे."

मी चालू केलं. त्यांनी मुलीला गॅलरीत नेलं, हाताने तिची हनुवटी वळवली आणि फोटो काढला. नीट येईपर्यंत पुन्हा पुन्हा काढला. मग त्यातला एक तिला पाठवला. ती तिथेच उभी राहून बराच वेळ आपल्या फोनमध्ये बघत होती. निघताना वाकून जिजींच्या पाया पडली. जिना उतरून गेल्याचा आवाज आला तेव्हा मी म्हटलं, "जिजी, तुम्ही?"

"लोकेस्ले पाठवाना फोटू खरा लागस," त्या म्हणाल्या. "हाऊ तिना शे."

मग फोन परत माझ्यासमोर धरला. "आते बंद करी दे."